उजवं वळण, तीस अंश

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज मीटिंगमध्ये अहवालवाल्याची जिरवली. पार पाणी पाजलं!

मुख्य कचेरीतून येतो, पडद्यावर रंगीत आलेख लावतो आणि आम्हाला शिकवतो. आज म्हणे, "मॅडम, तुमची अँटेना प्रत्येक गोष्ट उशिरा करते. दर वेळी अठरा सेकंद." मी विचारलं, "अठराच? सतरा नाहीत, एकोणीस नाहीत?" म्हणाला, "बरोबर अठरा." म्हटलं, "मग अठरा वजा करा आणि घरी जा." मिस्त्री तर हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले.

अँटेना आपली वेळ दिशा दाखवणाऱ्या उपग्रहांकडून घेते. ते घड्याळ आपल्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा अठरा सेकंद पुढे असतं. पृथ्वी जरा रेंगाळते म्हणून आपण आपल्या घड्याळात अधूनमधून एखादा सेकंद घालतो, ते घालत नाहीत. इतकंच. आमच्या धंद्यातली ही पहिलीच्या वर्गातली गोष्ट. साहेब मीटिंगनंतर म्हणाले, "जरा गोड बोलत जा." वीस वर्षं झाली इथे. आता काय गोड बोलणार मी!

५ फेब्रुवारी

ठिणगी दुपारच्या उड्डाणावर गेली. डबा विसरली. आई त्या डब्याकडे बघून अर्धा तास बोलत होती — डब्याशीच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ठिणगी म्हणजे माझी धाकटी बहीण. बाबांनी ठेवलेलं नाव, तेच चिकटलं. ती हवाई रुग्णवाहिकेत नर्स आहे आणि त्या विमानाच्या पाठीवरची अँटेना माझी आहे. मी बसवली, मी तपासली, खाली सही माझी. एक बहीण विमानाच्या आत, एक विमानाच्या छपरावर, असं आई शेजाऱ्यांना सांगत असते.

काल खाणीत दगडाखाली सापडलेल्या माणसाला आणायचं होतं. वाटेत त्याचं बीपी घसरायला लागलं. एक इंजेक्शन असतं, जपून द्यायचं, दिलं तर वाचवतं, चुकीच्या वेळी दिलं तर उलटतं. नियम असा, की ते जमिनीवरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. फक्त लिंक, म्हणजे उपग्रहावरून जमिनीशी असलेली जोडणी, तुटलेली असेल तर नर्सने स्वतःच्या जबाबदारीवर ठरवायचं. ठिणगीने विचारलं. ठिणगीने दिलं. माणूस जगला, आज सकाळी पाणी मागून प्यायला.

आणि जमिनीवरून बोलणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी तिच्याविरुद्ध तक्रार केली! म्हणतात, "मी 'थांब, देऊ नकोस' असं स्पष्ट सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही. माणूस जगला हे नशीब."

ठिणगीने जबाबात दोनच वाक्यं लिहिली. "लिंक तुटली होती. इंजेक्शन दिलं." घरी येऊन हातपाय धुतले आणि जेवायला बसली. मी विचारलं, "अगं, किती वेळ तुटली होती?" म्हणाली, "ताई, तिथे घड्याळ बघायला हात मोकळे असतात का?"

९ फेब्रुवारी, सोमवार

तिचा उडण्याचा परवाना थांबवला. चौकशी समिती नेमली. चोवीस तारखेला सुनावणी.

कारण काय, तर आमचा लॉग, म्हणजे लिंकची आपोआप होणारी नोंद. त्या दुपारच्या चार ते साडेचारच्या तीस ओळी, प्रत्येकीपुढे एकच शब्द — चालू, चालू, चालू. म्हणजे लिंक तुटलीच नाही, म्हणजे नर्स खोटं बोलते. आणि त्या लॉगच्या खाली, अँटेना विश्वासार्ह आहे अशा दाखल्यावर, कोणाची सही? माझी.

साहेबांनी कागद समितीकडे पाठवलाही. मला न विचारता. म्हणे, "तुमची बहीण आहे, म्हणून तुम्हाला यात ओढलं नाही." वा! माझ्याच सहीने माझ्या बहिणीला खोटं पाडायचं आणि वर उपकार!

तिचं तोंड एवढंसं झालंय. गणवेश धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला. मला ते बघवलं नाही.

१० फेब्रुवारी

कोण खोटं बोलतंय? ठिणगी लहानपणी फुलदाणी फोडली तरी स्वतःहून येऊन सांगायची, मार खायची आणि पुन्हा तिथेच खेळायला जायची. ती खोटं बोलत नाही. मग लॉग खोटं बोलतो. बघतेच त्याच्याकडे.

११ फेब्रुवारी

सापडलं. आणि शरमेने मान खाली गेली.

लॉगमध्ये मिनिटाला एक ओळ असते. त्या मिनिटातल्या साठ सेकंदांपैकी एक सेकंद जरी लिंक असली, तरी ओळीत "चालू" येतं. एक सेकंद! म्हणजे एकोणसाठ सेकंद मुकं राहिलेलं विमानसुद्धा आमच्या कागदावर बोलकंच.

हे कोणी ठरवलं? जुने कागद काढले. पाच वर्षांपूर्वीची टिपणी, अक्षर माझं. "फाइल फार मोठी होते, मिनिटाला एक नोंद पुरेशी आहे." पुरेशी आहे! तेव्हा मला घाई होती, डोक्यात दुसरंच काही होतं, कोणी विचारलं नाही, मी खरडलं. त्या एका ओळीने आज माझ्या बहिणीला घरी बसवलंय.

मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, "बाई, हा कागद परत कपाटात ठेवा." मी म्हटलं, "मिस्त्री, हा कागद समितीपुढे जाणार." त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "मग झेरॉक्स काढून ठेवा. इथे कागदांना पाय फुटतात."

१२ फेब्रुवारी

तीन झेरॉक्स काढल्या. एक आईच्या शिवणाच्या डब्यात.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

विमान आज दुरुस्तीसाठी आत घेतलं होतं. जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री आणि मी शिडी लावून वर चढलो. अँटेनावर पांढरं झाकण असतं, आम्ही त्याला टोपी म्हणतो. टोपीचे चोवीस स्क्रू. मिस्त्री स्क्रू काढतात आणि ओळीने स्वतःच्या ओठांत धरतात, त्यामुळे तेवढा वेळ तरी शांतता!

टोपीखाली माझी अँटेना. हाताच्या पंजाएवढ्या दोन मोटारी. एक तिला गोल फिरवते, दुसरी वर-खाली करते. विमान डुलो, वळो, खड्ड्यात पडल्यासारखं आदळो, तिने एकाच उपग्रहाकडे बघत राहायचं. जत्रेतल्या पाळण्यात बसून सुईत दोरा ओवण्यासारखं काम. दोरा निसटला की आत बसलेल्यांचा जगाशी संबंध संपला.

मोटारींच्या पोटात त्यांची स्वतःची एक फाइल असते. दर सेकंदाला कुठे वळलो, किती जोर लावला, उपग्रह दिसतोय की नाही. बिघाड झाला तरच ती उघडायची, एरवी कोणी ढुंकूनही बघत नाही. उतरवून घेतली.

५ फेब्रुवारी. ४ वाजून १२ मिनिटं १० सेकंद — उपग्रह हरवला. ४:१२:४८ — सापडला.

अडतीस सेकंद! मी शिडीवरच ओरडले. मिस्त्रींनी खालच्या पायरीवरून भुवयांनीच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "माझी बहीण खरी आहे." त्यांच्या तोंडातून स्क्रू सांडले. दोन अजून सापडलेले नाहीत.

१४ फेब्रुवारी

हॉस्पिटलकडचं रेकॉर्डिंग मिळालं. तिकडे फक्त बोलताना बटण दाबलं तेवढाच आवाज नोंदला जातो. ४:११:५० — ठिणगी: "बीपी पडतंय, देऊ का?" मग शांतता. मोठे डॉक्टर म्हणतात की तेवढ्यात ते त्या माणसाचे जुने कागद बघत होते. ४:१२:३६ — "थांब, देऊ नकोस." मग ४:१३:२० ला ठिणगी: "दिलंय."

४:१२:३६! अडतीस सेकंदांच्या अगदी पोटात. तो "थांब" विमानापर्यंत पोचलाच नाही. तो हवेत विरला!

मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पण हरवला का? समिती तेच विचारणार.

कॅप्टनना गाठलं. शांत बाई, मोजकं बोलतात. म्हणाल्या, "समोर काळा ढग होता. त्या माणसाला आत हादरे बसू नयेत म्हणून मी जोरात उजवीकडे काढलं. तीस अंश." आणि त्या वेळी आमचा उपग्रह नेमका उजव्या बाजूला होता. मी कागदावर रेघा मारल्या आणि कपाळावर हात मारला.

लहान मूल अंगणात उभं राहून आकाशातलं विमान बघतं, तसं आहे हे. विमान समोरून येतं, मूल मान वर करत जातं. वर, आणखी वर, अगदी डोक्यावर! आणि मग? मान आणखी मागे जात नाही. गर्रकन टाचेवर फिरावं लागतं. त्या गिरकीत विमान नजरेतून जातं, मग मूल शोधत बसतं — कुठं गेलं, कुठं गेलं.

माझी अँटेनाही तशीच. विमान उजवीकडे तीस अंश कललं आणि उपग्रह बरोबर तिच्या डोक्यावर आला. फिरवणाऱ्या मोटारीला एका क्षणात अर्धी गिरकी घ्यायची होती. तिला ते जमलं नाही. मग ती बिचारी अर्धा मिनिट आकाश हुडकत होती आणि आत माझी बहीण एकटी.

वीस अंशांपर्यंत काही होत नाही, तीसला होतं. मग आमच्या चाचणीत का नाही कळलं? आम्ही तर पाळण्यावर तासन् तास हलवतो!

१७ फेब्रुवारी

पाळणा म्हणजे चाचणीचं टेबल. त्यावर अँटेना ठेवायची आणि विमानासारखी हलवायची. आज मिस्त्री त्याच्या खाली आडवे झाले.

"बाई, इथे बोल्ट आहे."

कसला बोल्ट? अडवण्याचा. पाळणा वीस अंशांच्या पुढे जाऊच नये म्हणून घातलेला. का घातला? तर खोलीत रंगाचं कपाट आणून ठेवलं तेव्हा पाळण्याची कड त्याला लागायची. कपाट हलवायचं कोणी? त्यापेक्षा बोल्ट सोपा! पडद्यावर आकडे मात्र तीसचेच येत राहिले, कारण पडदा आपण दिलेला हुकूम दाखवतो, घडलेलं नाही.

एका कपाटामुळे! पाच वर्षं आम्ही वीस अंश तपासत होतो आणि तीसच्या दाखल्यावर मी ऐटीत सह्या करत होते. हसू की रडू कळेना. हसले. मिस्त्री नाही हसले. म्हणाले, "बोल्ट मीच घातला होता. तुम्हाला सांगायचं राहिलं." मी म्हटलं, "आणि मी कधी वाकून बघितलं नाही. फिट्टंफाट."

बोल्ट काढला. कपाट दोघांनी ढकललं. पाळणा उजवीकडे तीस अंश. लिंक तुटली. पुन्हा. तुटली. सात वेळा केलं, सातही वेळा तुटली. सदतीस सेकंद, एकोणचाळीस, अडतीस…

स्वतःची चूक सापडल्यावर इतका आनंद झालेली बाई जगात मी एकटीच असेन.

१८ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांपुढे सगळं ठेवलं. दार लावून घेतलं त्यांनी.

"तुम्हाला कळतंय का हे काय आहे? अशी अकरा विमानं उडताहेत."

"म्हणूनच."

"हळूच दुरुस्त करू. पुढच्या तपासणीत, गाजावाजा न करता. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

"आणि बहीण?"

"तिला समज देऊन सोडतील. मी बोलतो."

समज! जिने माणूस वाचवला तिला समज आणि ज्यांनी कपाट वाचवलं ते नामानिराळे! मी म्हटलं, "साहेब, खोट्या कागदावर मी नकळत सही केली ती केली. आता कळल्यावर एक दिवसही ती सही तिथे राहणार नाही. चोवीस तारखेला मी समितीपुढे जाणार. तुम्ही येणार असाल तर बरोबर जाऊ, नाहीतर मला रस्ता माहीत आहे."

ते म्हणाले, "नोकरीचा विचार करा."

केला. दोन मिनिटं. झाला करून.

२० फेब्रुवारी

घरी वेगळंच. मी उत्साहाने ठिणगीला सगळं सांगितलं. कपाट, बोल्ट, अडतीस सेकंद. वाटलं होतं उडी मारेल. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली.

"ताई, सोड ना."

"काय सोड?"

"माणूस जगला. मला दुसरीकडे काम मिळेल. तू कशाला तुझी नोकरी पणाला लावतेस?"

मी भडकले. म्हटलं, "तू खरी आहेस हे सिद्ध होतंय आणि तू म्हणतेस सोड? थकलीस का इतक्यात? बाबांनी नाव काय ठेवलं होतं तुझं?" ती काहीतरी म्हणणार होती — "ताई, ऐक तरी, त्या वेळी…" — पण मी कुठली ऐकतेय! अर्धा तास मीच बोलत होते. शेवटी आई म्हणाली, "तिची भाजी निवडून झाली, तुझं भाषण झालं असेल तर जेवायला वाढते."

दोघीही माझ्यावर हसल्या. ठिणगी जरा कमी हसली.

२३ फेब्रुवारी

उद्या. निळी साडी. आईच्या डब्यातली झेरॉक्स काढली, तिला सुई टोचलेली होती.

भीती नाही, राग आहे. राग बरा, त्यावर ताठ उभं राहता येतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

लांबट टेबल, पाच माणसं, पाण्याचे पाच ग्लास. आमच्यासाठी पाणी नाही. साहेब आले होते, माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसले. ठिणगी शेवटच्या खुर्चीत, हात मांडीवर.

मी उभी राहिले ती पाऊण तास बसले नाही. पाच वर्षांपूर्वीची माझी टिपणी आधी वाचून दाखवली, दुसऱ्या कोणी काढण्याआधी. मग बोल्ट टेबलावर ठेवला. खराच बोल्ट, ग्रीससकट! एका सदस्याने कागद बाजूला ओढून घेतले. मग मोटारींची फाइल. इथे हरवला, इथे सापडला, आणि हा डॉक्टरांचा "थांब", बरोबर मधोमध.

मोठे डॉक्टर लाल झाले. पण माणूस सरळ आहे, म्हणाले, "मला माझा आवाज गेल्याचं कळलं. तिला तो पोचला की नाही, हे मला कसं कळणार?"

समितीतल्या पिकल्या केसांच्या बाईंनी एकच प्रश्न विचारला. "दोन्हीकडच्या वेळा जुळवून घेतल्यात ना?"

मला! मला विचारतात! मी म्हटलं, "मॅडम, वीस वर्षं मी तेच करतेय. वेळेचं माझ्यावर सोडा." त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे तुमचा दाखला चुकीचा होता, असं तुम्हीच म्हणता?" मी म्हटलं, "हो. मीच म्हणते. मोठ्याने म्हणते. लिहून घ्या." त्यांनी लिहून घेतलं.

ठिणगीला कोणी काही विचारलं नाही. गरजच उरली नव्हती.

२६ फेब्रुवारी

परवाना परत! समितीचं पत्र. "लिंक तुटलेली असताना संबंधित नर्सने नियमानुसार स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेतला." आईने पत्र दोनदा वाचायला लावलं, दुसऱ्यांदा शेजारची बाई आल्यावर.

दुसरं पत्र माझ्या नावाने. दाखल्यांवर सही करण्याचा माझा अधिकार काढून घेतला. काम करायचं, सही मात्र दुसऱ्याची. लागलं. खोटं कशाला लिहू, चांगलंच लागलं. वीस वर्षांची सही. पण ठिणगीने कपाटातून गणवेश काढला आणि उगाचच पुन्हा इस्त्री करायला घेतली, तेव्हा वाटलं, गेली तर गेली! सही काय, हात तर माझाच आहे.

अकराही विमानांना निरोप गेला — दुरुस्ती होईपर्यंत वीस अंशांपेक्षा जास्त कलायचं नाही. हे माझ्यामुळे. याचा मला माज आहे आणि तो मी करणार.

४ मार्च, बुधवार

दुरुस्ती साधी आहे, लाजिरवाणी साधी. उपग्रह डोक्यावर येण्याआधीच मोटारीने गिरकी सुरू करायची. नेम थोडा चुकतो, आवाज जरा खरखरतो, पण तुटत नाही. मुलाने विमान डोक्यावर यायच्या आधीच अंग वळवायला लागायचं, तसं.

आज उडून बघितलं. मी आत, मिस्त्री खाली रेडिओच्या खोलीत. आकाश स्वच्छ. मी हेडफोनमध्ये म्हटलं, "कॅप्टन, वळा." विमान उजवीकडे कललं, तीस अंश, माझी पेन्सिल घरंगळत गेली. मी मोजत होते, एक, दोन, तीन… आणि मिस्त्री खालून माझ्याबरोबर मोजत होते. चाळीसपर्यंत! एक आकडा गळला नाही. कॅप्टननी न सांगता आणखी तीनदा वळवलं. मोजकं बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, "झकास."

खाली उतरल्यावर मिस्त्रींचे डोळे ओले होते. म्हणाले, वेल्डिंगच्या खोलीतून आलो. हवाई तळावर वेल्डिंगची खोलीच नाही!

ठिणगी उद्या सकाळच्या उड्डाणावर आहे. दुरुस्त अँटेनाचं पहिलं विमान तिचं.

५ मार्च

कालच्या दोन फायली शेजारी शेजारी ठेवल्या. अहवाल लिहायचा होता, सही दुसऱ्याची.

रेडिओच्या रेकॉर्डिंगमध्ये मी "वळा" म्हणते. मोटारींच्या फाइलमध्ये वळण त्यानंतर वीस सेकंदांनी सुरू होतं. कॅप्टन एवढ्या आळशी नाहीत. दोन सेकंद त्यांचे. उरले अठरा.

लॉग ही वजाबाकी आपोआप करतो. मोटारींच्या पोटातली फाइल करत नाही. तिचं घड्याळ उपग्रहांचं, आपल्यापेक्षा अठरा सेकंद पुढे. मला माहीत होतं. अहवालवाल्याला मी सगळ्यांदेखत हसले होते. समितीतल्या त्या बाईंनी मला विचारलंही होतं.

म्हणजे त्या दिवशी लिंक ४:११:५२ ला तुटली. ४:१२:३० ला परत आली. आणि "थांब, देऊ नकोस" — ४:१२:३६ ला.

ठिणगी उतरल्याबरोबर फोन केला. "तुला ऐकू आलं होतं का?"

म्हणाली, "आलं होतं, ताई. लिंक नव्हती तेव्हा मी सुई लावली. अर्धं शिरेत गेल्यावर त्यांचा आवाज आला. उरलेलं अर्धंही दिलं. त्याला गरज होती. मला कोणी विचारलंच नाही. तूसुद्धा."

मी म्हटलं, "मला समितीला लिहावं लागेल."

"लिही. अर्धं आधीच गेलं होतं, तेही लिही. आणि विचारलं तर सांग, पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा देईन."

कागद पुढे घेतलाय. सहीचा अधिकार नाही. तरी खाली सही माझीच असेल.